पाडकामाआधी बंद गिरणीची मोजणी : स्कॅनर, टोटल स्टेशन, ड्रोन, जीपीआर यांचा मेळ कसा घालायचा?

साचेखाते (धागाकर्ता)

मुंबई बेटावरची एक बंद कापड गिरणी. जागा साधारण साडेपाच एकर. आत एकमजली साचेखाते (विणकामाच्या मागांची करवती छपराची शेड, ओतीव लोखंडाचे पोकळ खांब), तीन मजली सूतखाते, बॉयलर खाते, इंजिन खाते, पन्नास मीटरच्या आसपास उंचीची विटांची चिमणी आणि बुजवलेला तलाव. चिमणी ठेवायची आहे, बाकी सगळे जाणार. पाडकामाच्या ठेकेदाराला नकाशे हवेत, वास्तुरचनाकाराला नोंद हवी आणि मालकाला डेब्रिजचा अंदाज. मोजणीला तीन आठवडे मिळतील.

दोन प्रस्ताव आलेत. एकात फक्त ड्रोन आणि हातातला स्कॅनर, दुसऱ्यात सगळी यंत्रे आणि दुप्पट पैसे. कशाने काय मोजावे, कुठे पैसे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत?

---

ओळंबा

यंत्रांच्या आधी कंट्रोल, म्हणजे अचूक जागा मोजून ठेवलेल्या पक्क्या खुणा. चार यंत्रांचा डेटा एकत्र बसतो तो सॉफ्टवेअरमुळे नव्हे, सगळ्यांनी त्याच खुणा पाहिल्या म्हणून बसतो. दोन्ही प्रस्तावांत 'कंट्रोल पॉइंट किती, कुठे आणि कसे ठोकणार' याची ओळ शोधा. ती नसेल तर दर विचारूच नका.

तुमच्या जागेला मी असे करीन :

१. पाडकामानंतरही टिकतील असे किमान चार पक्के बिंदू. दोन समोरच्या फुटपाथवर किंवा कुंपणाच्या जुन्या दगडी पायावर, दोन चिमणीच्या बाजूला पण जोत्यापासून लांब. सूतखात्याच्या भिंतीवर खिळा ठोकून उपयोग नाही, ती भिंतच जाणार आहे.

२. यांतल्या मोकळ्या आकाशाखालच्या दोन-तीन बिंदूंवर जीएनएसएस (उपग्रहावरून जागा ठरवणारे यंत्र) स्टॅटिक, म्हणजे एकाच जागी स्थिर ठेवून, प्रत्येकी तासभर तरी. पत्र्याच्या छपराजवळ आणि चिमणीच्या आडोशाला रोव्हर (हातात घेऊन फिरायचे जीएनएसएस यंत्र) 'फिक्स', म्हणजे जागा पक्की, असे दाखवतो आणि तरी पाच-सात सेंटिमीटर खोटे बोलतो, कारण उपग्रहाचा सिग्नल पत्र्यावरून उसळून येतो. म्हणून आवारातल्या आतल्या बिंदूंना रोव्हर लावायचा नाही.

३. आतले सगळे बिंदू टोटल स्टेशनच्या (कोन आणि अंतर मोजणारे तिपाईवरचे यंत्र) बंद ट्रॅव्हर्सने, म्हणजे बिंदूमागून बिंदू मोजत सुरुवातीच्याच बिंदूवर परत येऊन. ५ सेकंदांचे यंत्र चालते, ८० मीटरवर त्याची चूक जेमतेम २ मिलिमीटर. सहाशे मीटरच्या फेऱ्यात १२ मिलिमीटरच्या आत क्लोजर (परत आल्यावर उरलेली चूक) आले पाहिजे. तीन सेंटिमीटर आले तर पुन्हा फिरा, चूक वाटून टाकू नका.

४. उंची ऑटो लेव्हलने, जाऊन-येऊन.

आता मुंबईची खास भानगड. यूटीएमचा (नकाशांची जागतिक चौकट) ४३ वा पट्टा ७५ रेखांशाभोवती आहे आणि गिरणगाव त्यापासून सुमारे २.१७ अंश पश्चिमेला, म्हणजे पट्ट्याच्या कडेला. तिथे स्केल फॅक्टर (नकाशावरचे अंतर भागिले जमिनीवरचे) १.०००२४ च्या आसपास येतो. जमिनीवरचे ३०० मीटर ग्रिडवर ७ सेंटिमीटरने जास्त दिसतात. टोटल स्टेशनवर ग्राउंड अंतर ठेवून ड्रोन यूटीएममध्ये सोडला की दोन्ही नकाशे कडेला सात सेंटिमीटरने सरकतात आणि मग दोन्ही बाजू एकमेकांच्या यंत्राला दोष देत बसतात. एका बिंदूवर बांधलेला स्थानिक ग्रिड घ्या, स्केल १. यूटीएममध्ये न्यायचे सूत्र नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

---

पातळी_पुसा

वरच्या चौथ्या मुद्द्यात भर. रोव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळावरून. मुंबईत ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी येते, म्हणून गिरणीच्या अंगणात उभे राहून स्क्रीनवर उणे पन्नासच्या पलीकडचा आकडा दिसतो. तो दिसला की निदान चूक कळते तरी. खरा घोळ टाउन हॉल डेटमचा (डेटम म्हणजे पातळ्या जिथून मोजतात ती शून्यरेषा). महापालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांच्या जुन्या पत्रकांवर पातळ्या टाउन हॉल डेटममध्ये असतात, रस्त्याचे आकडे २७-२८ मीटरच्या घरात. सर्वेक्षण विभागाचा बेंचमार्क (पातळी माहीत असलेली पक्की खूण) मात्र समुद्रसपाटीवरचा. दोन्हीतला फरक पाठ्यपुस्तकातून उचलू नका. जवळच्या दोन मॅनहोलच्या झाकणांची पातळी स्वतः घ्या, पत्रकाशी ताडून पाहा आणि तोच फरक वापरा. दोन झाकणांत फरक वेगळा आला तर एकाचे झाकण रस्त्याच्या डांबरीकरणात उचलले गेले आहे. तिसरे बघा.

---

बिंदुमेघ

तिपाईवरच्या लेसर स्कॅनरबद्दल. साचेखात्यात सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सारखेपणा. खांब एकाच साच्यातले, एका दिशेला साधारण ३ मीटरवर, दुसऱ्या दिशेला ६ वर, छपराच्या करवती सारख्या, फरशी सारखी. सॉफ्टवेअर दोन स्कॅन 'मेघावर मेघ' पद्धतीने (मेघ म्हणजे स्कॅनमधल्या लाखो बिंदूंचा संच) जुळवते तेव्हा अख्खा स्कॅन एका गाळ्याने सरकून बसतो. चूक ३-४ मिलिमीटर दाखवली जाते, सगळे हिरवे, आणि शेड प्रत्यक्षापेक्षा तीन मीटरने आखूड.

उपाय स्वस्त आहे. चौकडीचे छापील टार्गेट, ए-फोर आकाराचे, प्रत्येकावर मोठा क्रमांक. दर तिसऱ्या खांबावर एक, वेगवेगळ्या उंचीवर (सगळे छातीच्या उंचीला लावले की ते एका सपाटीत येतात आणि कल पकडला जात नाही). त्यातले किमान एक तृतीयांश टोटल स्टेशनने मोजलेले. मोजलेल्यांपैकी चार-पाच जुळणीत घ्यायचेच नाहीत, तपासणीसाठी बाजूला ठेवायचे. अहवालात मला फक्त या बाजूला ठेवलेल्यांची चूक बघायची असते. ती १० मिलिमीटरच्या आत असली की बाकीची पाने उलटायची गरज नाही.

सेटिंग : १० मीटरवर ६ मिलिमीटर अंतर पुरते. ६० बाय ९० मीटरच्या शेडला आठ-दहा मीटरच्या चालीने साठ-सत्तर स्कॅन, एका स्कॅनला दोन-तीन मिनिटे, जागा बदलण्यासकट सहा-सात. एक दिवस शेडला, दोन दिवस सूतखात्याला.

चुकवणाऱ्या गोष्टी :

ओली फरशी. पावसात छपरातून गळते, पाण्याच्या डबक्यात लेसर परावर्तित होतो आणि जमिनीखाली दुसरे छप्पर उगवते. भोळा ड्राफ्ट्समन त्याला तळघर समजून काढतो. शून्याखालचे बिंदू आधी छाटा, पण खरे खंदक आणि डक्ट सोडून.

काजळी. बॉयलरची तोंडे आणि धूरमार्गाच्या विटा इतक्या काळ्या असतात की वीस मीटरवरून काहीच परत येत नाही. पाच-सहा मीटरवर जा.

करवती छपराची उत्तरेकडची काच. स्कॅनर आरपार जातो, ड्रोनचे फोटो चकाकतात. काचेच्या चौकटीच्या कडा हाताने काढाव्या लागतात.

वरच्या मजल्यांच्या लाकडी तक्तपोशीवर स्कॅनर हलतो. चालणारा माणूस दहा फुटांवर असला तरी कॉम्पेन्सेटर (यंत्राचा कल दुरुस्त करणारा भाग) मर्यादेबाहेर जातो आणि काही यंत्रे तो गुपचूप बंद करून पुढे जातात. तिपाई तुळईच्या रेषेवर, माणसे जिन्यात.

---

साचेखाते

धन्यवाद. मग हातातला स्लॅम स्कॅनर (चालता चालता स्वतःची जागा ओळखत मोजणारा) बादच का? पहिल्या प्रस्तावात सगळी गिरणी दोन दिवसांत फिरून देतो म्हणतात.

---

बिंदुमेघ

बाद नाही, जागा वेगळी. लांब, सारख्या शेडमध्ये स्लॅम घसरतो, कारण त्यालाही तोच गाळा पुन्हा पुन्हा दिसतो. पण जिथे तिपाई उभी राहत नाही तिथे त्याला पर्याय नाही : सूतखात्याच्या जमिनीखालचे हवेचे डक्ट (दमट हवेच्या यंत्रणेत परतीची हवा फरशीखालच्या खंदकांतून जाते), जिने, गच्चीखालचे पोटमाळे, आणि रोप-रेस. रोप-रेस म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकावरून दोरखंड प्रत्येक मजल्याच्या शाफ्टला जायचे ती अरुंद उंच खोली. तिची तिन्ही मजल्यांची उंची एका फेरीत मिळते. फेरी पंधरा मिनिटांच्या आत, सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर, मध्ये दोन-तीन टार्गेट. डेब्रिजच्या अंदाजाला दोन-तीन सेंटिमीटर चालतात. चिमणीला आणि जी भिंत शेजारच्या चाळीला लागून आहे तिला चालत नाहीत.

---

पाडकाम_मुक्काम

तुम्ही सगळे जमिनीच्या वरचेच बोलताय. पोकलेन खाली जाते ती जमिनीत.

जुन्या गिरणीत बॉयलर लँकेशायर जातीचे असायचे, साधारण तीस फूट लांब, आठ फूट व्यासाचे, विटांच्या बैठकीत. धूर बॉयलरखालून, मग बाजूंनी, आणि शेवटी जमिनीखालच्या विटांच्या बोगद्यातून चिमणीला. बॉयलर भंगारात गेले तरी तो बोगदा राहतो. कमानीवर फूट-दीड फूट माती आणि वर कोबा. वीस टनांचे पोकलेन त्यावर आले की एक चेन खाली. आणि बोगदा थेट चिमणीच्या पायात जातो, जी तुम्हाला ठेवायची आहे. त्याची जागा, रुंदी आणि कमानीवरचे आच्छादन नकाशावर लाल रंगात हवे. आत उतरायला माणूस पाठवू नका. तोंड उघडून वायू तपासणी झाल्यावर काठीला कॅमेरा किंवा स्लॅम लावून आत सरकवा.

दुसरे, इंजिनाचा पाया. वाफेच्या इंजिनाची बैठक म्हणजे काही मीटर खोल दगडी ठोकळा, मध्ये बोल्ट कसायला ठेवलेले बोगदे. वर सपाट फरशी दिसते. ठेकेदाराच्या दरात तो धरलेला नसतो आणि भांडण तिथून सुरू होते.

तिसरे, पोकळ खांब. करवती छपराच्या पन्हळीतले पाणी खांबातूनच खाली यायचे. म्हणजे खांबांच्या प्रत्येक ओळीखाली विटांचे गटार आहे असे धरून चाला. त्यावरही मशीन फिरते.

चौथे, तक्तपोशी. सूतखात्याच्या लाकडात वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. गॅसकटर कुठे चालवायचा नाही ते त्याच नकाशावर दाखवा.

---

भूमिगत

जीपीआरबद्दल (जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचे शोधणारे रडार) मुंबईत अपेक्षा कमी ठेवा. भरावाची जमीन, पाणी वर, त्यात खारेपणा आणि चिकणमाती. जिथे कोरड्या मुरुमात ४०० मेगाहर्ट्झ दोन मीटर बघतो, तिथे इथे एक मीटरही मिळेल न मिळेल. मे महिन्यात करा, ऑगस्टमध्ये पैसे वाया.

ओळी अर्ध्या मीटरवर, दोन्ही दिशांनी. एकाच दिशेने ओढले की ओळीला समांतर असलेला पाइप सुटतो. यंत्राचे अंतर मोजणारे चाक मोजपट्टीवर तपासून घ्या आणि प्रत्येक ओळीचे टोक टोटल स्टेशनने उचला. 'भिंतीपासून अंदाजे' असे लिहिलेली ओळ ऑफिसात कुठेच बसत नाही.

खोलीची चूक वेगातून येते. यंत्रात ०.१० मीटर प्रति नॅनोसेकंद ठेवले आणि जमीन ओली असल्याने खरा वेग ०.०७ निघाला, तर २८ नॅनोसेकंदांवरचा प्रतिध्वनी १.४ मीटर दिसतो, असतो ०.९८ वर. पोकलेनच्या बकेटसाठी हा फरक जीवघेणा आहे. आवारात एखादी माहीत असलेली वाहिनी शोधा, मॅनहोलमध्ये तिची खोली टेपने मोजा, त्यावरून वेग बसवा. दाट सळईच्या आरसीसी फरशीखाली काही दिसत नाही. तिथे 'दिसले नाही' आणि 'नाही' हे दोन वेगळे रंग ठेवा. हे मी शंभरदा लिहिले तरी कमी आहे.

केबलला जीपीआर नको, लोकेटर. नुसत्या पॉवर मोडवर फिरून 'केबल नाही' म्हणणारे बरेच. भार नसलेली केबल त्या मोडवर दिसतच नाही. क्लॅम्प लावून ३३ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडा आणि मग माग काढा. गिरणी बंद म्हणून केबल मृत असे नसते, त्याच फीडरवर पंप किंवा वॉचमनची खोली असू शकते.

ब्रिटिशांच्या पास १२८ (जमिनीखालच्या वाहिन्या शोधण्याचे मानक) मधली ड, क, ब, अ अशी विश्वासाची उतरंड उचलायला हरकत नाही : कागदावरून, पाहणीवरून, यंत्रावरून, खड्डा खणून. प्रत्येक रेषेला अक्षर. 'अ' फक्त हाताने खणलेल्या खड्ड्याला. धूरबोगद्यावर दोन, तलावाच्या काठावर तीन आणि फाटकाजवळच्या केबलवर एक, एवढे खड्डे तरी खणाच.

---

साचेखाते

तलावाचा काठ कसा ठरवायचा? सध्या तिथे सपाट अंगण आहे.

---

भूमिगत

आधी जुने नगर-भूमापन नकाशे आणि गिरणीच्या ऑफिसातले निळे प्रिंट स्कॅन करून त्याच ग्रिडवर बसवा. कागद आक्रसलेला असतो, म्हणून नुसते फिरवून-सरकवून बसत नाही. आजही उभे असलेले किमान सहा कोपरे घेऊन बसवा. चिमणीचे केंद्र, कंपाउंडचे कोपरे आणि सूतखात्याचे जोते उत्तम. उरलेली चूक अर्धा मीटर आली तर तलावाच्या काठाला एक मीटरचा पट्टा द्या, बारीक रेषा काढून खोटी खात्री देऊ नका. मग ड्रोनच्या उंचीच्या नकाशात बघा : भराव बसतो, अंगणात पाच-दहा सेंटिमीटरची बशी दिसते. तिची कड आणि जुन्या नकाशाची कड जुळली की खड्डे तिथे.

---

चतुष्पंखी

अखेर ड्रोनचे नाव निघाले. ६० मीटर उंचीवरून २० मेगापिक्सेल, एक इंची सेन्सरचा कॅमेरा साधारण १.६ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. पुढे ८०, बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप, शिवाय चारही बाजूंनी ४५ अंशांची तिरकी फेरी. सहा कंट्रोल आणि चार तपासणीचे बिंदू, त्यातले दोन छपराचे (वर न चढता, खालूनच टोटल स्टेशनने वाचलेले), नाहीतर उंचीची चूक जमिनीवर दिसत नाही आणि पत्र्यावर पंधरा सेंटिमीटर निघते. आरटीके ड्रोन (उडतानाच उपग्रहावरून अचूक जागा नोंदवणारा) असला तरी बिंदू लागतात.

परवानगीचा वेळ वेगळा धरा. ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशावर जागेचा रंग बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर पिवळा झोन (आधी परवानगी लागते तो) लागतो, म्हणजे हे ६० मीटर अगदी काठावर. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून असतात, त्यामुळे स्थानिक ठाण्याची लेखी परवानगी हातात हवी. नाही मिळाली तर शेजारच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून स्कॅन आणि सहा मीटरच्या काठीवर कॅमेरा. पन्हळी त्यात बऱ्याच येतात.

छपरावर कोणी चढायचे नाही. सिमेंटचे पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे धरून चला आणि जुने पत्रे पायाखाली फुटतात. ड्रोनच्या ऑर्थोफोटोवरून (मोजता येईल असा सरळ वरून दिसणारा जोडफोटो) पत्र्यांचे क्षेत्र काढून वेगळ्या थरात द्या. बॉयलरच्या पाइपांवरचे लगदा-आवरण त्याहून धोक्याचे, ते भुसभुशीत असते. त्याची लांबी आणि व्यास स्कॅनमधून मिळतो, हात लावायची गरज नाही. तपासणीचे नमुने मात्र जाणकारानेच घ्यावेत.

---

ओळंबा

चिमणीवर दोन शब्द, कारण एकदा आजूबाजूचे पाडले की 'आधीपासूनच कललेली होती' हे सिद्ध करायला हीच मोजणी उरते.

पायथ्याशी उभे राहून वर स्कॅन करू नका. किमान उंचीइतके लांब, तीन बाजूंनी. ५० मीटरवरून टोकाचे तिरके अंतर ७० मीटर, म्हणजे ६ मिलिमीटरच्या सेटिंगवर बिंदूंमध्ये ४२ मिलिमीटर, आणि कोनामुळे उभ्या दिशेला ६० च्या आसपास. म्हणून इथे १० मीटरवर ३ मिलिमीटरचे सेटिंग. दर दोन मीटरला दहा सेंटिमीटर जाडीचा काप काढा, वर्तुळ बसवा, केंद्रे जोडा. सरळ रेषा तिरकी असेल तर पाया, वाकडी असेल तर वीटकाम. टोकाला १५ सेंटिमीटर सरक म्हणजे ५० मीटरला सुमारे १:३३०. आकडा महत्त्वाचा, पण पाडकामात तो बदलतो का हे जास्त महत्त्वाचे. चिमणीच्या पट्ट्यांवर चार प्रिझम किंवा परावर्तक चिकटवा, रोज सकाळी एकाच वेळी वाचा (दुपारी ऊन एका बाजूला लागून वीटकाम हलते). वर पिंपळ असेल तर त्याची जागाही नोंदवा, मुळे सांध्यात असतात.

---

घनफळ

मालकाला डेब्रिज हवे आहे ना, मग भिंतीच्या जाडीवर लक्ष द्या. आतला आणि बाहेरचा स्कॅन वेगळा जुळवला आणि त्यात २० मिलिमीटर चूक राहिली, तर ६०० मिलिमीटरच्या भिंतीत ३ टक्के. ४००० चौरस मीटर भिंत असेल तर ८० घनमीटर, १.९ टन प्रति घनमीटरने दीडशे टन, म्हणजे दहा-बारा गाड्या. दरवाजे-खिडक्यांच्या कडेतून दोन्ही बाजूंना एकच टार्गेट दिसेल असे लावा, जाडी आपोआप बरोबर येते. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांच्या वर गेले की आधी आराखडा द्यायची अट होती. तुमची गिरणी ती पहिल्याच आठवड्यात ओलांडेल. त्या नियमांच्या जागी आता नवे आले आहेत, तेव्हा सल्लागाराकडून चालू तरतूद बघून घ्या. वर्गवारी तरी तीच लागते : वीट, दगड, आरसीसी, लाकूड, लोखंड, अॅस्बेस्टॉस.

खांबांचे वजन फसवते. बाहेरून व्यास मिळतो, आतली पोकळी नाही. अल्ट्रासॉनिक जाडीमापक पोलादावर कॅलिब्रेट केलेला असेल तर ओतीव लोखंडाची जाडी वीस-पंचवीस टक्के जास्त दाखवतो, कारण त्यात ध्वनी सावकाश जातो. एखाद्या खांबाला भोक पाडून खरी जाडी मोजा, त्यावर यंत्र बसवा. शिवाय ओतताना गाभा सरकतो, म्हणून एकाच खांबाच्या चार बाजूंना जाडी वेगळी निघते. सरासरी घ्या, आणि सगळ्यात पातळ बाजूही लिहा, ती पाडकामवाल्याला लागते.

आणि बांधीव क्षेत्र. गिरण्यांच्या जमिनींना १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम, मग २००१ ची दुरुस्ती आणि आता २०३४ च्या नियमावलीतला ३५ वा, हा सगळा प्रवास मोकळी जमीन किती आणि बांधलेली किती या आकड्यांभोवतीच फिरला आहे. पाडल्यावर ते पुन्हा मोजता येत नाही. प्रत्येक मजल्याचे क्षेत्र, मेझनाइन आणि पोटमाळ्यासकट, स्वतंत्र सहीच्या तक्त्यात ठेवा.

---

साचेखाते

फार उपयोगी. तर दुसरा प्रस्ताव घेतो, पण जीपीआर सगळीकडे न करता बॉयलर-चिमणी पट्टा, इंजिन खाते, तलावाचा काठ आणि फाटक एवढ्यावरच. साचेखात्याची गटारे कॅमेऱ्याने. बरोबर?

---

भूमिगत

बरोबर. खांबांच्या ओळीखालची गटारे आधी जेटने साफ करा, नाहीतर कॅमेरा तीन मीटरवर गाळात अडकतो.

---

बिंदुमेघ

डेटा मागताना : ई-५७ मध्ये (स्कॅनचा सर्वांना उघडता येणारा फॉर्मॅट) कच्चे स्कॅन, जुळणीचा अहवाल, ५ मिलिमीटरला विरळ केलेला मेघ, आणि डीडब्ल्यूजी नकाशे. नुसती कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मॅटमधली फाइल घेऊ नका, पाच वर्षांनी ती उघडत नाही. दोनशे स्कॅनला दीड-दोनशे जीबी लागतील, दोन हार्डडिस्क करारात लिहा.

---

पाडकाम_मुक्काम

आणि मशीनवाल्याला ए-वन आकाराचा एकच कागद द्या : बोगदा, इंजिनाचा पाया, गटारे, तलाव, केबल, तेलकट तक्तपोशी. मराठीत आणि हिंदीत. त्याच खुणा जमिनीवर स्प्रेने. पहिल्या दिवसाच्या धुरळ्यात स्प्रे झाकला जातो, म्हणून प्रत्येक खुणेला कडेला एक लाकडी खुंटी, जिच्यावर अंतर लिहिलेले असेल.